अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असतो का? एका वादाचा आणि एका साक्षीचा इतिहास

१/
१९७८ साली इंग्लंडमध्ये एक चाचणी झाली. समोर तीन अ‍ॅम्प्लिफायर होते, तिन्ही एकाच कंपनीचे. पहिला १९५३ चा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. दुसरा १९६७ चा, ट्रान्झिस्टरचा. तिसरा १९७५ चा, त्या काळच्या अगदी नव्या रचनेचा. अनुभवी श्रोत्यांना एवढेच करायचे होते : कोणते यंत्र वाजते आहे हे न पाहता, केवळ कानाने, त्यांच्यातील फरक ओळखायचा. या चाचणीच्या निकालाने हाय-फायच्या जगात असा वाद पेटवला की तो आजही शमलेला नाही. त्या वादाचा हा इतिहास.

२/
आधी यंत्र समजून घेऊ. रेकॉर्डवरून फिरणारी सुई जेमतेम काही मिलिव्होल्टचा संकेत देते. लाउडस्पीकर हलवण्यासाठी कित्येक व्होल्ट लागतात. या दोहोंमधील अंतर अ‍ॅम्प्लिफायर भरून काढतो. त्याचे आदर्श काम एकच : आलेल्या लहरीचा आकार तोच ठेवून तिचे माप वाढवायचे. त्या आकारात यंत्राने स्वतःचे जे काही मिसळले, ती ‘विकृती’. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असणे हा मुळात दोष मानला जात होता. पुढे तोच गुण कसा ठरला, हा या कथेतील खरा प्रश्न आहे.

३/
कानाची साक्ष किती धरायची, हा प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा जुना आहे. १९१५ ते १९२५ या काळात एडिसन यांच्या कंपनीने अमेरिकेत हजारो ‘टोन टेस्ट’ भरवल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गायिका मध्येच थांबे, यंत्र गात राही. दिवे मालवले जात, आणि ते पुन्हा लागेपर्यंत गायिका निघून गेल्याचे प्रेक्षकांना कळत नसे. अ‍ॅना केस ही या कार्यक्रमांतील प्रसिद्ध गायिका. यंत्राच्या आवाजाशी जुळावे म्हणून आपण आपला आवाज आवरून गात होतो, असे तिने पुढे सांगितले. प्रेक्षक खोटे बोलत नव्हते. तुलनेची मांडणीच त्यांच्या हातात नव्हती.

४/
व्हॉल्व्ह आले, पण सुरुवातीचे अ‍ॅम्प्लिफायर आवाज चांगलाच बिघडवत. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर तर एकामागोमाग अनेक अ‍ॅम्प्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येकाची विकृती पुढच्याकडे जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅब्जमधील अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरील फेरीबोटीतून कामाला निघाले होते. त्यांना उत्तर सुचले आणि हातातील न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यांनी ते मांडले. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून आत परत आणायचा. मूळ आणि निर्मिती यांतला फरक यंत्र मग स्वतःच दुरुस्त करते. हाच ‘निगेटिव्ह फीडबॅक’.

५/
दुसरे महायुद्ध संपताच या कल्पनेने घरगुती संगीताचे दार ठोठावले. १९४५ साली लंडनच्या हॅरॉल्ड लीक यांनी ‘पॉइंट वन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. नावातच दावा होता : विकृती फक्त ०.१ टक्का. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात १५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. तिच्यातही विकृती तेवढीच कमी होती. रचना खुली असल्यामुळे देशोदेशीच्या हौशी लोकांनी सोल्डरिंग आयर्न हाती घेतले आणि ती घरी बांधली.

६/
याच वातावरणात पीटर वॉकर उभे राहतात. हंटिंग्डन गावातील त्यांच्या कंपनीने १९५३ साली ‘क्वाड टू’ बाजारात आणला. हाही व्हॉल्व्हचा, १५ वॅटचा. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड दुकानांत आल्या, तेव्हा डाव्या-उजव्या बाजूंसाठी असे दोन-दोन नग घरात आले. वॉकर यांची भूमिका स्पष्ट होती. मूळ ध्वनीच्या जास्तीत जास्त जवळ जायचे. स्वतःची चव त्यात घालायची नाही. उत्तम अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे तारेचा एक सरळ तुकडा, फक्त संकेत मोठा करणारा, हे सूत्र त्यांच्या नावाशी जोडले जाते.

७/
येथे क्षणभर थांबायला हवे. आज जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे कौतुक ‘ऊबदार’, ‘मखमली’, ‘मानवी’ अशा शब्दांत होते. पण लीक, विल्यमसन आणि वॉकर यांच्या लेखी असा काही आवाज निर्माण करणे हे ध्येय नव्हते. त्यांची सारी धडपड त्याच्या उलट दिशेची होती. बाजारात सगळेच अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे असताना ‘व्हॉल्व्हचा आवाज’ या शब्दप्रयोगाची गरजही कुणाला पडत नव्हती. प्रतिस्पर्धी आल्यावरच एखाद्या गोष्टीचा स्वभाव दिसू लागतो. तो प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये जन्मला होता : ट्रान्झिस्टर.

८/
१९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर घरोघर पोहोचू लागले. त्यांना व्हॉल्व्ह तापण्याची वाट पाहावी लागत नसे, जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नसे, आणि कागदावर विकृतीचे आकडेही उत्तम होते. तरीही अनेक श्रोत्यांनी तक्रार केली : आवाज कोरडा आहे, टोकदार आहे, तासाभराने कान शिणतात. अभियंत्यांनी आकडे दाखवले. श्रोत्यांनी कानांवर हात ठेवले. या पहिल्या फेरीत कोण बरोबर होते? उत्तर निर्विवाद आहे. श्रोते बरोबर होते.

९/
कारण असे. ट्रान्झिस्टरच्या बहुतेक रचनांत लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा अर्धा दुसरा. लहर शून्यावरून जाताना काम एकाकडून दुसऱ्याकडे जाते. रिले शर्यतीत बॅटन देताना पाऊल अडखळावे तसे तेथे लहान खोट पडते. तिला ‘क्रॉसओव्हर विकृती’ म्हणतात. आवाज मोठा असताना ही खोट एकूण लहरीच्या मानाने नगण्य. संगीत हळू झाले की प्रमाण उलटे होते. विकृतीचा आकडा सहसा पूर्ण शक्तीवर मोजला जाई. लोक मात्र घरात एखाद-दुसऱ्या वॅटवर संगीत ऐकत. मापकाचे उत्तर खरे होते, पण त्याला प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला होता.

१०/
दुसरे कारण विकृतीच्या जातीत होते. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ षड्जाबरोबर त्याच्या पटीतील उपस्वर निघतात. दुप्पट कंपनांचा म्हणजे तार षड्ज, तिप्पट कंपनांचा म्हणजे पंचम, पाचपटीचा म्हणजे तो प्रसिद्ध स्वयंभू गंधार. जवारी लावणारा कारागीर याच उपस्वरांना फुलवतो. सातवा उपस्वर मात्र कोमल निषादापेक्षाही किंचित उतरलेला, कुठल्याच घरात न बसणारा. साध्या व्हॉल्व्ह रचनांची विकृती बहुतांशी दुसऱ्या-तिसऱ्या उपस्वरांची, म्हणून संगीतात मिसळून जाणारी. क्रॉसओव्हरची खोट सातव्या, नवव्या आणि त्याहूनही वरच्या उपस्वरांपर्यंत पसरणारी. एकूण टक्का सारखा असला तरी दुसऱ्या प्रकारची कानाला लवकर टोचते.

११/
अभियंत्यांनी तक्रार झटकली नाही, हेही नोंदवायला हवे. १९६७ च्या ‘क्वाड ३०३’ मध्ये वॉकर यांच्या चमूने आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांची मांडणी बदलून ही खोट बरीच काबूत आणली. १९७० साली फिनलंडचे मट्टी ओताला यांनी आणखी एक दोष पुढे आणला : फीडबॅक भरपूर पण सर्किट मंद असेल, तर अचानक उसळणाऱ्या संकेताच्या वेळी दुरुस्ती वेळेवर पोहोचत नाही. या दोषाचे महत्त्व किती यावर पुढे खूप वाद झाले. परिणाम मात्र चांगला झाला. सर्किटे अधिक वेगवान झाली. १९७५ च्या ‘क्वाड ४०५’ मध्ये लहान, नेमका अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या, बलदंड ट्रान्झिस्टरांच्या चुका भरून काढत असे. शक्ती १०० वॅट.

१२/
पण तोवर श्रोत्यांचा विश्वास आकड्यांवरून उडाला होता, आणि त्या पोकळीत नवी संस्था जन्मली : कानाने परीक्षण करणारे मासिक. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली अमेरिकेत ‘स्टिरिओफाइल’ सुरू केले. यंत्र मोजण्यापेक्षा ते घरी लावून ऐकायचे आणि जे ऐकू आले ते लिहायचे, ही त्यांची पद्धत. १९७३ साली हॅरी पिअरसन यांचे ‘द अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ आले. खऱ्या सभागृहातील वाद्यसंगीत ही त्यांची कसोटी. पहिल्या फेरीत कानाने मापकाला हरवले होते, त्यामुळे या पद्धतीला नैतिक वजन प्राप्त झाले.

१३/
परीक्षकांनी एक भाषाही घडवली. अ‍ॅम्प्लिफायर ऊबदार, थंड, रेशमी, दाणेदार, हवेशीर ठरू लागले. वाद्ये डावीकडे-उजवीकडे किती पसरलेली वाटतात, मागे-पुढे किती खोल, यांचीही वर्णने आली. ही भाषा उपयोगाची होती, कारण श्रोत्यांना आपला अनुभव प्रथमच शब्दांत सापडला. पण तिला एक अडचण होती. शब्द १९६० च्या दशकातील यंत्रांवर घडले. यंत्रे दरवर्षी बदलत होती. शब्द तसेच राहिले. १९७५ च्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर १९६५ च्या ट्रान्झिस्टरचे आरोपपत्र लागत राहिले.

१४/
हीच गोष्ट वॉकर यांना खटकली. त्यांनी ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांच्याकडे चाचणी सोपवली. सुरुवातीला सांगितली ती हीच : क्वाड टू, ३०३ आणि ४०५, म्हणजे बावीस वर्षांचा तंत्र-इतिहास एका खोलीत. मॉयर यांनी १९७८ साली निकाल ‘वायरलेस वर्ल्ड’ मध्ये मांडला. श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीने येतील त्याहून अर्थपूर्णपणे चांगली नव्हती. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यातील ज्या फरकावर पानेच्या पाने लिहिली जात होती, तो नाव झाकल्यावर हाती लागला नाही.

१५/
आक्षेप लगेच आले, आणि सगळे फोल नव्हते. चाचणीचा खर्च उत्पादकानेच केला होता. अनोळखी खोलीत, परीक्षेच्या दडपणाखाली माणूस घरच्यासारखा ऐकत नाही. फरक आठवडाभर ऐकल्यावरच उमगत असेल तर मिनिटा-मिनिटांच्या तुलनेत तो कसा सापडणार? आणि सर्वांत महत्त्वाचे : फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. शेवटचा आक्षेप तर्काला धरून आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्यांनी हा फरक ढळढळीत आहे, पहिल्याच स्वराला जाणवतो असे लिहिले होते, त्यांचा दावा या चाचणीने नक्कीच तपासला होता.

१६/
झाकून तपासण्याची ही रीत ध्वनितंत्राने शोधलेली नाही. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने मेस्मर यांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला, बेंजामिन फ्रँकलिन आणि लावॉझिए त्याचे सदस्य होते. रुग्णांचे डोळे बांधल्यावर, उपचार झाला नसतानाही झाल्याचे सांगितले तर झटके येत, आणि नकळत झाला तर काहीच होत नसे. रुग्ण ढोंगी नव्हते. त्यांचा अनुभव खरा होता. त्याचे कारण त्यांना वाटत होते ते नव्हते. पुढे वैद्यकात औषध देणाऱ्यालाही अंधारात ठेवणारी ‘दुहेरी अंध’ पद्धत रुजली, ती याच परंपरेतून.

१७/
१९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी अमेरिकेत ‘एबीएक्स’ तुलनायंत्राची पद्धत सविस्तर मांडली. श्रोत्याला ‘ए’ ऐकता येतो, ‘बी’ ऐकता येतो. मग ‘एक्स’ येतो, तो या दोहोंपैकी कोणता हे ओळखायचे. वेळेचे बंधन नाही, खटका श्रोत्याच्याच हातात. १६ प्रयत्नांत १२ उत्तरे बरोबर आली तर नुसत्या अंदाजाने तसे घडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. म्हणजे २५ जणांनी परीक्षा दिली तर एखादा केवळ दैवाने उत्तीर्ण होईल! म्हणून एका यशस्वी श्रोत्याची गोष्ट पुरेशी नसते. त्याने ती पुन्हा करून दाखवावी लागते.

१८/
या चाचण्यांतून एक वरकरणी क्षुल्लक नियम पुढे आला : दोन्ही यंत्रांचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळलेला हवा. व्होल्टच्या भाषेत हा फरक जेमतेम १ टक्क्याचा. कारण असे की अर्धा-पाऊण डेसिबल मोठा आवाज श्रोत्याला ‘मोठा’ वाटतच नाही. तो ‘स्पष्ट’, ‘जिवंत’, ‘मोकळा’ वाटतो. दुकानात दोन अ‍ॅम्प्लिफायरची बटणे नजरेने सारखी लावली, तर एवढा फरक सहज राहतो. अ‍ॅना केस यंत्राशी जुळावे म्हणून आवाज आवरत होती. साठ-सत्तर वर्षांनी तेच काम व्होल्टमीटरने करावे लागले. पहिली जुळणी फरक लपवण्यासाठी होती, दुसरी खरा फरक उघडा पडावा यासाठी.

१९/
१९८५ साली या वादात एक नाट्यमय अंक घडला. अभियंते बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ ला आव्हान दिले : तुम्हाला आवडेल तो महागडा अ‍ॅम्प्लिफायर निवडा, माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मी अठ्ठेचाळीस तासांत हुबेहूब तसाच करून देतो. मासिकाने व्हॉल्व्हचा एक अतिशय महाग नग निवडला. कार्व्हर यांनी दोन्ही यंत्रांच्या संकेतांची वजाबाकी केली आणि उरलेला फरक ऐकत, मोजत, बारीकसारीक सुटे भाग बदलत राहिले. शेवटी उरलेला फरक ७० डेसिबल खाली गेला. म्हणजे मूळ संकेताच्या सुमारे तीन हजारावा भाग. होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकले आणि ओळखता येत नसल्याचे मान्य केले.

२०/
या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी सोयीने लावला. वास्तविक ती दोघांनाही थोडी नडणारी होती. दोन यंत्रांत मुळीच फरक नव्हता असे तिने सिद्ध केले नाही. फरक नसता तर कार्व्हर यांना दोन दिवस झटावे लागले नसते. तिने दाखवले ते असे की, ‘आवाजाचा स्वभाव’ म्हणतात तो किमतीत, व्हॉल्व्हच्या काचेत किंवा नाममुद्रेत वसत नाही. तो मोजता येतो, बदलता येतो, दुसऱ्या यंत्रात उतरवताही येतो. पुढे विक्रीसाठी आलेल्या कार्व्हर यांच्या मॉडेलमध्ये ही जुळणी तितकी उतरली आहे का, यावरून मासिक आणि उत्पादक यांच्यात कडवट भांडण झाले, ते वेगळे.

२१/
जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने आणखी मोठी चाचणी छापली. सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह जोडीपर्यंतची यंत्रे, आणि श्रोत्यांत दोन्ही मतांचे लोक : फरक असतो असे ठामपणे मानणारे आणि नसतो असे मानणारे. पडद्याआड दोन्ही गटांचे गुण अंदाजाच्या आसपासच राहिले. येथे पणाला लागले होते ते पैशाहून मोठे होते. एखाद्याने वर्षांची बचत घालून यंत्र घेतले आहे, रोज रात्री त्याला ते अधिक सुंदर ऐकू येते आहे. त्याला ‘तुला हे ऐकू येत नाही’ असे कुणी कोणत्या अधिकाराने सांगायचे?

२२/
न्याय्य उत्तर असे : त्याला सुंदर ऐकू येते हे खरेच आहे. कान हे मेंदूपासून सुटे यंत्र नाही. डोळ्यांना दिसलेले, मनाने अपेक्षिलेले, किमतीने सुचवलेले सारे त्या अनुभवात मिसळते. चाचणीने तपासले ते एवढेच की त्या सौंदर्यातील किती वाटा हवेतून कानापर्यंत आला. आणि काही वेळा तो वाटा खरोखरच मोठा असतो. तो कुठे असतो हे सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धवट राहील.

२३/
पहिली जागा : अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर पडताना त्याच्या आतच होणारा विद्युत अडथळा. लाउडस्पीकरचा इम्पिडन्स सुरागणिक बदलतो. समजा ४ ओहमपासून २० ओहमपर्यंत. अ‍ॅम्प्लिफायरचा अडथळा ०.०५ ओहम असेल तर या बदलाने आवाजात पडणारा फरक ०.१ डेसिबलही नाही. तोच अडथळा ३ ओहम असेल तर काही सूर इतरांपेक्षा तब्बल ३.६ डेसिबलने उचलले जातात. हा फरक झाकून ऐकतानाही सहज कळतो. फीडबॅक न वापरणाऱ्या व्हॉल्व्ह रचनांत असा अडथळा सर्रास आढळतो.

२४/
दुसरी जागा : शक्तीची मर्यादा. संगीतातील क्षणिक उसळी सरासरीच्या १० डेसिबल वर गेली तर दहापट वॅट लागतात, २० डेसिबल वर गेली तर शंभरपट. १५ वॅटच्या क्वाड टू आणि १०० वॅटच्या ४०५ यांच्या क्षमतेत सुमारे ८ डेसिबलचे अंतर आहे. मर्यादा ओलांडली की ट्रान्झिस्टर लहरीचे टोक सुरीने कापल्यासारखे छाटतो; व्हॉल्व्ह बहुधा ते गोलसर दाबतो. म्हणून जोरात वाजवणाऱ्यांना दोघांचे स्वभाव वेगळे जाणवत आले, आणि बेताने ऐकणाऱ्यांना नाही. कित्येक भांडणांत दोन्ही पक्ष आपापल्या खोलीपुरते खरे होते.

२५/
आता कथेतील वळण. १९३८ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने ‘३०० बी’ नावाचा व्हॉल्व्ह काढला. एकटा वापरला तर त्यातून जेमतेम ८ वॅट निघतात. जपान आणि फ्रान्समधील हौशी मंडळींनी तो पुन्हा डोक्यावर घेतला आणि १९९० च्या दशकात त्याची लाट अमेरिकेतही पसरली. बहुधा फीडबॅक नाही, दुसऱ्या उपस्वराची विकृती भरपूर, आउटपुट इम्पिडन्स जास्त. म्हणजे ब्लॅक, विल्यमसन आणि वॉकर यांनी जे घालवण्यासाठी आयुष्य वेचले, ते सारे हौसेने परत आणले गेले. यात गैर काही नाही. जवारीचा तंबोरा बिनजवारीच्या तंबोऱ्यापेक्षा गोड लागतोच. मात्र येथे अ‍ॅम्प्लिफायरने मध्यस्थाचे आसन सोडून वाद्याचे आसन घेतले आहे, हे ओळखून ऐकावे.

२६/
या इतिहासाचा निष्कर्ष मग काय निघतो? अ‍ॅम्प्लिफायरांना ऐकू येईल असा स्वभाव होता, तो काळ खरा होता. पहिल्या ट्रान्झिस्टरांविरुद्ध श्रोत्यांनी दिलेली साक्ष खरी ठरली. ती साक्ष ऐकूनच अभियंत्यांनी यंत्रे सुधारली, आणि मर्यादेत चालवलेल्या चांगल्या यंत्रांतील फरक कानाच्या पकडीखाली गेले. फरक संपत आले, पण त्यांचे वर्णन करणारी भाषा, मासिके आणि बाजार उभा राहिला होता. जुन्या अनुभवाने कमावलेली पत नव्या दाव्यांसाठी वापरली गेली. एकदा खरे ठरलेले साक्षीदार पुढे प्रत्येक वेळी खरेच असतील, असे गृहीत धरण्याची चूक येथे झाली.

२७/
या चुकीची सर्वांत परखड नोंद विरोधी पक्षाने केलेली नाही. कानाने परीक्षण करण्याची परंपरा ज्यांनी सुरू केली त्या गॉर्डन होल्ट यांनीच २००७ साली, आपल्या मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, खंत व्यक्त केली : दुहेरी अंध चाचणीसारख्या प्रामाणिकपणाच्या साध्या कसोट्यांना सामोरे जायचे नाकारून या क्षेत्राने १९८० च्या दशकात आपली विश्वासार्हता गमावली. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले. कानावर विश्वास ठेवा असे सांगणाऱ्या माणसाला, त्या विश्वासाचीही परीक्षा झाली पाहिजे, असे वाटत होते.

२८/
इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचयाची आहे. बखरकार प्रामाणिक असू शकतो, त्याने लिहिलेले त्याला खरेही वाटत असू शकते, आणि तरी घटना तशी घडलेली नसू शकते. म्हणून साक्षीदाराला खोटे ठरवण्याआधी त्याने काय पाहिले, कुठून पाहिले, आधी काय ऐकले होते, हे विचारावे लागते. दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना कुणी सांगू लागले, तर प्रश्न तेच राहतात : आवाज मापकाने जुळवला होता का? लाउडस्पीकर कोणता होता? यंत्र मर्यादेबाहेर गेले होते का? आणि ऐकणाऱ्याला कोणते वाजते आहे हे ठाऊक होते का? या चार उत्तरांनंतर मतभेद उरला, तर तो ऐकण्याजोगा असेल.